माझ्या व्हिसावर त्याचा छंद

माझा नवरा घरात गांजा पिकवायचा. ओढायचा नाही, विकायचा नाही, नुसता पिकवायचा. हे ऐकलं की लोक आधी हसतात. मग पुढे सरकून बसतात आणि त्याला विचारतात, "मग? काय काय लागतं त्याला?" मला कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर एवढंच, की "तुला माहीत होतं?" जणू काही मी त्या घरात पाहुणी होते.

आम्ही २०१३ मध्ये पुण्याहून हॅमिल्टनला आलो ते माझ्या नोकरीवर. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर टांगलेलं होतं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. हॅमिल्टनच्याच 'ते रापा' नावाच्या भागात एका लहानशा कंपनीत मला डिझाइनचं काम मिळालं. डेअरी फार्मना लागणाऱ्या स्टीलच्या टाक्या आणि पायपिंग बनवायचे तिथे. व्हिसा माझा. घराच्या करारावर नाव माझं, विजेचं बिल माझ्या नावावर. नवरा माझा जोडीदार म्हणून आलेला. त्याला काम करायची परवानगी होती, पण तीही माझ्या व्हिसाला बांधलेली. रेसिडन्सीचा अर्ज भरला तोही माझ्या नोकरीच्या जोरावर. तो मंजूर होईपर्यंत आमच्या दोघांच्या नावाला कसलाही डाग लागता कामा नये, हे आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचलं होतं. त्यानेच मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

पुण्यात तो सॉफ्टवेअरमध्ये टीम लीड होता. इथे प्रत्येक मुलाखतीत त्याला एकच प्रश्न यायचा, न्यूझीलंडमधला अनुभव आहे का? नोकरी दिल्याशिवाय अनुभव कुठून येणार, हे त्यांना कोण सांगणार! शेवटी तो एका पेट्रोल पंपावर काउंटरला उभा राहायला लागला, आठवड्यातले थोडेच दिवस. बाकीचे दिवस घरी. त्याच्यावर होणारा अन्याय मला दिसत होता आणि त्याचा मला संतापही यायचा. त्या मुलाखत घेणाऱ्यांच्या नावाने मी घरात चहा पिताना इतकी तणतणायचे की तोच म्हणायचा, "अगं, हळू, लाकडी भिंती आहेत." म्हणून सांगते, मी त्याच्या बाजूची नव्हते असं कुणी म्हणू नये.

सुरुवात मेथीपासून झाली. हॅमिल्टनचा हिवाळा म्हणजे नदीवरून उठणारं धुकं आणि घरातली ओल. खिडकीच्या काचांना सकाळी आतून पाणी सुटायचं, ते टॉवेलने पुसायचं. बाहेर लावलेली मेथी उगवून तशीच आखडली. मग त्याने मागच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात कुंड्या ठेवल्या, वर एक दिवा लावला, आणि पंधरवड्यात आम्ही घरची मेथीची भाजी खाल्ली. मला इतका आनंद झाला होता! भाजीचा कमी आणि त्याच्या चेहऱ्याचा जास्त. पाठोपाठ कोथिंबीर आली, मिरच्या आल्या, एक रुसलेला कढीपत्ता आला. तो इंटरनेटवर दिव्यांबद्दल वाचायचा, मातीबद्दल वाचायचा, जेवताना मला मुळांबद्दल सांगायचा. मी ऐकायचे. माणूस कशात तरी रमलाय, बरं आहे, असं वाटायचं.

शेजारी एक निवृत्त गोरे गृहस्थ राहायचे. ऐन थंडीतसुद्धा पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. स्वभाव चांगला. फीजोआच्या दिवसांत त्या पेरूसारख्या हिरव्या फळांनी भरलेली बादली आमच्या दाराशी ठेवून जायचे. त्यांच्याशी नवऱ्याची कुंपणावरून मैत्री झाली, झाडांवरूनच. एकदा थंडीच्या तोंडावर त्यांनी त्याला दह्याच्या रिकाम्या डब्यात लावलेली एक फांदी दिली. तो डबा मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाहिला. पानं पाहिली. मी काही अडाणी नाही.

"हे काय आहे?"

"तुला कळलंय काय आहे ते."

"घरात का आणलंस?"

"एकच आहे. आणि ओढायला नाही गं. मी साधी सिगरेट तरी ओढतो का? मला ते वाढवून बघायचंय. फार अवघड असतं म्हणे."

मी म्हटलं, परत देऊन ये. तो बरं म्हणाला. डबा ओट्यावरून गेला. मी समजले, गेला म्हणजे परत गेला. मी सकाळी कामावर जायचे, संध्याकाळी यायचे, स्वयंपाक करायचे, रविवारी आईशी फोनवर बोलायचे. मागच्या खोलीत माझं कामच नसायचं. तिथे कपाटाच्या एका दारामागे त्याच्या कुंड्या आणि दुसऱ्या दारामागे आमचे थंडीचे कपडे. मध्ये नुसती एक फळी.

मला कळलं ते महिन्याभराने. जाड पांघरूण काढायला गेले आणि चुकून त्याचं दार उघडलं. आतून सगळ्या बाजूंना चकचकीत चंदेरी कागद, वर जांभळट उजेड, छोटा पंखा घुरघुरतोय, आणि मेथी नाही, कोथिंबीर नाही. गांजाची चार झाडं, टवटवीत, पानं जरा वर उचललेली. एका फांदीची चार झाली होती.

त्या संध्याकाळी पहिलं भांडण झालं. तो घाबरला नाही, ओशाळलाही नाही. उलट मला हाताला धरून आत नेलं आणि पान दाखवलं, बघ, कडा किती साफ आहेत, कुठे पिवळं नाही. शेजारच्यांचीसुद्धा एवढी चांगली आली नाहीत म्हणे.

"अरे, हा गुन्हा आहे."

"इथे हीप्स ऑफ लोक लावतात. अर्ध्या हॅमिल्टनच्या शेडमध्ये असेल."

"त्या अर्ध्या हॅमिल्टनला कुणी विमानात बसवून परत पाठवणार आहे का?"

तो म्हणाला, "तू ना, नेहमी टोकाचा विचार करतेस."

टोकाचा विचार! आमचा अर्ज आत गेलेला, फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडलेली. नुसतं पोलिसांनी दार वाजवलं असतं तरी सगळं संपलं असतं. हे टोक मी तयार केलं नव्हतं. ते होतंच, आणि त्यावर मी एकटी उभी होते. त्याचं म्हणणं, एकदा फुलू दे, मग स्वतः टाकून देतो. शब्द दिला. मला त्या शब्दावर विसंबायचं नव्हतं, पण दुसरं काय करणार होते? नवऱ्याविरुद्ध कुणाकडे जायचं? इथल्या मराठी मंडळींत बोलले असते तर गणपतीच्या आरतीपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं. आईला सांगितलं असतं तर ती तिकडे जेवली नसती. म्हणून गप्प बसले, आणि तो गप्प बसण्याचा अर्थ त्याने "हरकत नाही" असा घेतला.

झाडांना फुलं यायला लागली तसा वास यायला लागला. त्याने त्यावरही काहीतरी कोळशाचं यंत्र बसवलं आणि मला अभिमानाने सांगितलं, आता खोलीत उभं राहिलं तरी कळत नाही. आम्हाला कळत नव्हतं हे खरं. आम्ही त्यातच राहत होतो. फळीच्या पलीकडे माझा कामावरचा जाड कोट टांगलेला असायचा.

एका सकाळी स्मोकोला, म्हणजे दहाच्या चहाच्या सुट्टीला, मी नेहमीसारखी कोट घालूनच चहाच्या खोलीत गेले. वर्कशॉपमध्ये भयंकर गारठा असायचा. टेबलाभोवती वेल्डिंगवाले, फिटर, सगळे पुरुष. त्या सगळ्यांत बाई मी एकटी आणि भारतीयही मी एकटीच. एका वेल्डरने नाक वर करून वास घेतला आणि हसत म्हणाला, "कुणीतरी वीकेंड कामावर घेऊन आलंय वाटतं."

सगळे हसले. मीही हसले, कारण मला वाटलं दुसऱ्या कुणाला तरी म्हणतोय. मग तो माझ्याकडे वळला. "सॉरी गं, पण तूच आहेस. माझ्या मामाच्या शेडसारखा वास येतोय तुझ्या अंगाला."

खोलीत पुन्हा हशा झाला. वाईट मनाने कुणी हसलं नाही. त्यांना ते खरंच गमतीचं वाटलं, चष्मा लावणारी, कुणाशी फार न बोलणारी इंडियन बाई आणि गांजा! माझे कान तापले. मी काहीतरी बोलले, शेजाऱ्यांचं काहीतरी असेल म्हणाले, आणि कप तसाच ठेवून उठले.

दुपारी आमच्या सेफ्टीचं काम बघणाऱ्या बाईंनी मला बोलावलं. त्या नेहमी माझ्याशी प्रेमाने वागत. त्या दिवशीही आवाज मऊ होता. "हे पर्सनल घेऊ नकोस. तू साइटवर जातेस, उंचावर चढतेस. कुणी बोललं तर आम्हाला टेस्ट करावीच लागते. नियम सगळ्यांना सारखा."

मी म्हटलं, "करा." दुसरं काय म्हणणार होते?

टेस्टवाली बाई बाहेरून आली. प्रथमोपचाराच्या खोलीत तिने मला खिसे रिकामे करायला लावले. रुमाल, किल्ल्या, लिप बाम आणि सुपारीची एक पुडी टेबलावर ओळीने मांडली. पुडी तिने उचलून उलटसुलट पाहिली, आणि मी तिला बडीशेप म्हणजे काय, सुपारी म्हणजे काय, जेवणानंतर ती का खातात हे समजावत बसले. वयाची पस्तिशी ओलांडलेली, दोन देशांत इंजिनिअर म्हणून काम केलेली बाई मी, सुपारीचा खुलासा करत होते. मग टॉयलेट. आतल्या पाण्यात निळा रंग टाकलेला, नळ टेपने बंद केलेला, म्हणजे कुणी कपात पाणी घालू नये. तिने कप हातात दिला आणि म्हणाली, "दार पूर्ण लावायचं नाही." ती बाहेर उभी राहिली. फटीतून मला तिचे बूट दिसत होते. मला होईना. शरीर ऐकेना. ती बाहेरून म्हणाली, "घाई नाही, डिअर." मग झालं. कप बाहेर दिला. कोमट आहे ना हे तिने त्याच्यावरच्या पट्टीवर तपासलं, माझ्यासमोर.

निगेटिव्ह आली. येणारच होती. ती हातमोजे काढता काढता हसून म्हणाली, "स्वीट ॲज. यू आर ऑल गुड." इथे येऊन इतकी वर्षं झाली होती, 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम मस्त, हा शब्द मी रोज ऐकत होते, मीही वापरत होते. त्या दिवसापासून मी तो तोंडातून काढलेला नाही.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर कोट काढला आणि नाकाशी धरला. सगळं एका क्षणात कळलं. मी इतकी चिडले होते की गाडी सुरू करायच्या आधी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिले. 

घरी पोचले तर तो कणीक मळत होता. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वेल्डर, हशा, खिसे, सुपारी, निळं पाणी, दार. तो हात धुवायला वळला, पाठमोरा ऐकत होता. मी थांबल्यावर त्याने विचारलं,

"मग? काय आली टेस्ट?"

"निगेटिव्ह. काय येणार?"

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि खरोखर सुटकेचा श्वास सोडला. "माझा जीवच टांगणीला लागला होता."

त्याचा जीव!

मी म्हटलं, आजच्या आज सगळं घराबाहेर गेलं पाहिजे. तेव्हा त्याने मान खाली घातली आणि जे बोलला त्याने मी अडकले. "इथे आल्यापासून माझ्या हातून नीट झालेली ही एकच गोष्ट आहे," तो म्हणाला. "थोडेच दिवस राहिलेत. फुलं पूर्ण तयार होऊ देत. मग मी स्वतः काढतो."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त राग येतो. खरं दुःख माझ्यासमोर धरून त्याने माझं तोंड बंद केलं. मी दुखावले होते आणि समजूत मी त्याची काढत होते. त्या रात्री पोळ्या मी लाटल्या. कोट धुतला, परत धुतला, आणि शेवटी गराजमध्ये दोरीवर टांगला. तो वास मला अजूनही त्यात येतच होता, की येतोय असं वाटत होतं, कुणास ठाऊक.

पुढच्या आठवड्यात घरमालकाच्या एजंटकडून इन्स्पेक्शनची सूचना आली. भाड्याच्या घरांची इथे दर काही महिन्यांनी पाहणी होते. एक तरुण मुलगी यायची, टॅबलेटवर फोटो काढायची, भिंतींची बुरशी बघायची, बाथरूमचा पंखा चालतो का बघायची आणि कपाटंही उघडायची, ओल धरते का म्हणून. मी नवऱ्याला सूचना दाखवली आणि वाट पाहिली. मला वाटलं, आता तरी तो उठेल आणि कात्री घेईल.

त्याने थोडा वेळ विचार केला. मग म्हणाला, "मागच्या खोलीत आपण देवघर करू."

"काय?"

"लाउंजमधले देव तिकडे हलवू. कपाटाच्या दारासमोर पाट मांडू, समई लावू, दारावर तोरण. ती मुलगी कल्चरच्या बाबतीत फार जपून असते. आपण सांगू, हे आमचं पवित्र ठिकाण आहे, दार उघडत नाहीत. ती उलट सॉरी म्हणेल. अगरबत्तीने वासाचाही प्रश्न सुटला."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो गंमत करत नव्हता. माझं तोंड बघून त्याने वर जोडलं, "आणि महादेवाला तर चालतंच की."

मी काही फार सोवळ्याओवळ्याची नाही. सकाळी कामावर जाताना दिवा लावते, उदबत्ती लावते, संपलं. पण आमचे देव म्हणजे माझ्या आजीच्या माहेरचा चिमुकला बाळकृष्ण आणि एक घासून गुळगुळीत झालेली अन्नपूर्णा. त्या मूर्ती मी पुण्याहून पर्समध्ये ठेवून आणल्या होत्या, सामानात टाकल्या नव्हत्या. त्यांना उचलून याच्या गांजाच्या दाराशी राखण करायला बसवायचं? आणि ती पोरगी, जी दर वेळी दाराशी शूज काढून, "मे आय?" असं विचारून आत यायची, तिच्या चांगुलपणाचाच फायदा घ्यायचा? या देशात आपल्याला मिळालेला तेवढा एक आदर होता. तो त्याने कपाटाला कडी म्हणून वापरायला काढला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावरची मोठी कात्री घेतली, मागच्या खोलीत गेले आणि कपाट उघडलं. तो मागोमाग आला.

"ए, थांब. अगं, थांब ना. उद्या मी करतो."

पहिलं झाड बुंध्याशी कापायला वेळ लागला, खोड चांगलं जाड झालं होतं. दुसऱ्याच्या वेळी कात्री धरायची रीत समजली. तो दारात उभा होता, आत आला नाही, अडवलं नाही. फक्त म्हणत होता, "अशी कापू नकोस. फुलं चुरगळतायत." शेवटी शेवटी त्याचा आवाज भरून आला. मी मागे वळून पाहिलं नाही. हाताला तो चिकट राळेसारखा थर लागला होता, कात्रीची पाती एकमेकांना चिकटत होती. मी सगळं काळ्या पिशवीत कोंबलं. वर भाज्यांची सालं, चहाचा चोथा, फ्रिजमधलं आंबलेलं इडलीचं पीठ ओतलं आणि पिशवीला गाठ मारली.

मागच्या अंगणात कंपोस्टचा खड्डा होता. मी तो खोल करत होते तेव्हा कुंपणावरून शेजाऱ्यांचं डोकं वर आलं. त्यांना वास आला असावा, किंवा नवऱ्याने फोन केला असावा. त्यांनी पिशवीकडे पाहिलं आणि खरंच हळहळले.

"अरेरे. केवढी मेहनत घेतली होती त्याने. एक साधं झाड आहे गं, डिअर."

"तुमच्यासाठी," मी म्हटलं.

"आणि पोलिस आले तरी काय करतात? माझ्याकडे आले होते एकदा. चार शब्द सुनावले आणि गेले."

"तुम्हाला चार शब्द सुनावले," मी म्हटलं. "मला सुनावून ते जाणार नाहीत. मला घालवतील. तुम्ही त्याला ती फांदी दिलीत तेव्हा हा विचार तुमच्या मनात आला होता का?"

ते गोंधळले. मी त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "मी तर फक्त..." एवढं म्हणाले.  ज्या जमिनीवर ते उभे होते ती त्यांच्या पायाखालून कुणी काढून घेईल, असं त्यांना जन्मात कधी वाटलं नसणार. मी पिशवी खड्ड्यात टाकून वर माती लोटली. ते आत गेले. नंतरही ते फीजोआ ठेवून जायचे. मी ते खाल्ले नाहीत.

इन्स्पेक्शन झालं. मुलगी आली, शूज काढले, घर किती छान ठेवलंय म्हणाली. मागच्या खोलीत तिने कपाट उघडलं. आत रिकाम्या कुंड्या आणि एक दिवा. ती जरा थबकली. "कसला तरी वास येतोय?" तिने विचारलं. मी बोलायच्या आत नवरा म्हणाला, "इन्सेन्स. आम्ही पूजा करतो." तिने मान डोलावली, "ओह, लव्हली," आणि पुढे गेली. शेवटी तो ते बोललाच. मी शेजारी उभी होते, माझ्या नावाच्या घरात, आणि त्याचं खोटं माझ्याही नावावर जमा झालं.

नंतर कित्येक आठवडे तो माझ्याशी मोजकंच बोलायचा. घरात सुतक असल्यासारखं वातावरण. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला की म्हणायचा, "ठीक आहे, जरा मूड नाही." त्यांनी मला विचारलं, "त्याला काही बोललीस का गं?" मी म्हटलं, "नाही, आई." खरं सांगितलं असतं तरी त्यांना तिकडे माझंच चुकलं असं वाटलं असतं. मुलाची बाग सुनेने उपटली.

मग दिवस पालटले. रेसिडन्सी मिळाली. त्यालाही हॅमिल्टनमध्येच चांगली नोकरी लागली, त्याच्या पात्रतेची. तो पुन्हा पूर्वीसारखा मोकळा झाला, हसायला लागला, आणि झाडं पुन्हा कधी लावली नाहीत, मेथीसुद्धा नाही. मला वाटलं, या विषयावर माती पडली.

२०१९ मध्ये एका शनिवारी आम्ही ऑकलंडमधल्या पापाटोएटोला गेलो होतो. तिथल्या दुकानांतून महिन्याचं सामान भरायचं आणि एका मित्राकडे जेवायचं. जेवायला आम्ही तीन जोडपी होतो, सगळे पुण्यामुंबईचे. त्या वर्षी गांजाचा कायदा बदलावा की नाही याची चर्चा सगळीकडे चालू होती, टीव्हीवर रोज तेच. मित्राने विषय काढला आणि माझ्या नवऱ्याने हात वर केला.

"मी तर एक्स्पर्ट आहे यातला!"

आणि त्याने गोष्ट सांगितली. छान सांगतो तो. चंदेरी कागद, जांभळा उजेड, शेजाऱ्यांना मागे टाकल्याचा विजय. देवघराची आयडिया सांगितली तेव्हा टेबलावर हसून हसून लोकांचे घास अडकले. शेवटी त्याने कात्रीचा अभिनय केला, खाट् खाट्. "हिने माझी अख्खी बाग एका संध्याकाळी साफ केली. रणचंडिका!" यजमानीणबाई मला म्हणाल्या, "अगं, एवढं काय? थोडे दिवस थांबली असतीस."

मी चमचा खाली ठेवला. म्हटलं, "यातलं मधलं राहिलं. ते मी सांगते."

आणि सांगितलं. आवाज चढवला नाही. चहाच्या खोलीतला हशा, ओळीने मांडलेल्या माझ्या खिशातल्या वस्तू, सुपारी, निळं पाणी, टेपने बांधलेला नळ, फटीतून दिसणारे बूट. मला होत नव्हतं तेही सांगितलं, पुरुष बसले होते तरी. सांगताना माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत हे मी दुसऱ्यांदाच बोलतेय. कुणी हसलं नाही. यजमानीणबाई उठल्या आणि उगाचच सगळ्यांना ताक वाढायला लागल्या. मित्र म्हणाला, "सॉरी यार," पण तो माझ्या नवऱ्याकडे बघत म्हणाला.

परतताना नवरा गाडी चालवत होता. वाटेतल्या बॉम्बे हिल्सचा उतार संपला. मग तो म्हणाला, "दार उघडं ठेवायला लावलं होतं तुला?"

"हो."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"त्याच दिवशी सांगितलं होतं," मी म्हटलं. "घरात शिरल्या शिरल्या. कणीक मळत होतास तू. तेव्हा तू फक्त विचारलंस, टेस्ट काय आली."

 तो हलक्या आवाजात सॉरी म्हणाला. मी बरं म्हटलं नाही आणि असू दे असंही म्हटलं नाही. माझा राग गेलेला नव्हता, आणि तो गेलाय असं दाखवायची मला त्या दिवशी अजिबात इच्छा नव्हती.